ज्यानं ओतलं त्यानं उचलावं

टेम्पो उलटा येत येत विहाराच्या अंगणात शिरला. अंगण झाडलेलं होतं. नुसतं झाडलेलं नाही, वर पाणी मारलेलं. पोरींनी पायरीपुढं कमळाची रांगोळी काढली होती. टेम्पोचं मागचं चाक त्या कमळावरून गेलं आणि थांबलं. ड्रायव्हरनं उतरून मागची फळी सोडली. मला वाटलं खुर्च्या असतील. मांडवाचं सामान असेल.

कचरा होता.

थर्माकोलच्या पत्रावळी. चहाचे कागदी कप. पाण्याच्या बाटल्या. सुकलेले हार. चकचकीत कागदात बांधलेले बुके, त्यांच्या रिबिनी अजून तशाच. दोन माणसांनी फावड्यानं ओढून ओढून तो सगळा आमच्या ओल्या अंगणात पाडला.

मी पिंपळाच्या पारावर बसलो होतो. पांढरा सदरा घालून. पाहुणे येणार म्हणून.

"अरे, काय करून राहिले तुमी?" मी म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "संस्थेचा हाय बाबा, कालच्या उद्घाटनाचा. अमरावतीहून आनला."

संस्थेचे सर पुढं आले. तिशीचा माणूस. गळ्यात कार्ड, हातात मोबाईल. तोंडावर हसू. ते म्हणाले, "काका, तुम्ही लोकांनी सगळं झाडून कशाला ठेवलं? मी मित्राला सांगितलं होतं ना, काही करू नका म्हणून. आता मुलं येतील, तर त्यांनी स्वच्छ काय करायचं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. चौथीपर्यंत शिकलो मी. लिहिताना हात अडखळतो. पण हे वाक्य लिहिताना अडखळला नाही.

मित्रा म्हणजे माझी नात. पूर्ण नाव संघमित्रा. अकरावीला आहे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, इथंच अकोल्याच्या एमआयडीसीत दालमिलमध्ये कामाला आहे. मी स्वतः सारी उमर जिनिंगमध्ये काढली. कापसाच्या गठाणी वाहिल्या. आता पाठ वाकली आहे, पण ती गठाणींनी वाकली. कोणापुढं वाकली नाही. हे सांगून ठेवतो, कारण पुढं लागेल.

ही संस्था अमरावतीची. शहरातल्या पोरापोरींना घडवायचं, हे तिचं काम. मोठ्या शाळांतली पोरं घ्यायची, त्यांना सेवा शिकवायची, पुढारपण शिकवायचं. त्यासाठी वस्ती लागते. सेवा हवेत कशी करणार. म्हणून सर मित्राच्या कॉलेजात आले. कोण कोण वस्तीत राहतं, हात वर करा. मित्रानं केला. तिला लाज कधी वाटली नाही आपल्या वस्तीची. तिनं सांगितलं, आमी दर रविवारी विहार झाडतो, अंगण धुतो, लहान पोट्ट्यांचा अभ्यास घेतो. सर खूश झाले. म्हणाले, तू तर लीडरच आहेस. तुमच्या वस्तीची टीम तू सांभाळ. तुला निळा शर्ट मिळेल. चांगलं काम झालं तर चिखलदऱ्याला शिबिराला जायचं.

ती घरी आली ते उड्या मारत. "आबाजी, मले निळा शर्ट भेटून राहिला."

निळा रंग आमच्या घरात असातसा नाही. सूनबाईनं पीठ मळता मळता मान वर केली. म्हणाली, "मापाचा सांगजो बाई. नाईतर तुया बापाच्या अंगातला आनशीन."

चिखलदरा आमच्यापासून लांब नाही. डोंगर आहे, ढग खाली येतात म्हणतात. पण आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. मी तर पायथ्याच्या परतवाड्याच्या पुढं गेलो नाही. मित्रा रोज बोलायची. तिथं थंडी असते काय. स्वेटर कोणाचं मागू. मी ऐकायचो. म्हाताऱ्या माणसाला पोरीचं असं बोलणं ऐकायला बरं वाटतं.

सरांचा फोन आला होता, ही गोष्ट खरी. "काही करू नका, फक्त हजर राहा." मित्रानं तसंच सांगितलं आम्हाला. आम्ही काय समजलो? पाहुणे भले आहेत. जेवणाचा घोर करू नका, हारतुऱ्याचा खर्च करू नका, असं म्हणत असतील. पाहुणा येणार तर झाडायचं नाही, हे आमच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. उलट एक दिवस आधीच आख्खी वस्ती कामाला लागली. नाली काढली. पाराला चुना मारला. बायांनी आपापल्या दारापासून विहारापर्यंत रस्ता झाडला. बादल्यांनी पाणी मारलं. एक बाई दुसरीला म्हणत होती, "तुया दारातलं पान माया दारात नको लोटू वं." दुसरी म्हणे, "पानावर नाव हाय काय माय?" हसत हसत काम झालं. एवढं आरशासारखं अंगण मी लग्नसराईतही पाहिलं नव्हतं.

त्या आरशावर त्यांनी ओतलं.

आता मला मागचं सांगावं लागेल. त्याशिवाय तुम्हाला वाटेल, म्हातारा उगाच कचऱ्यापायी रागावला.

माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं. काळी माती. पावसाळ्यात चप्पल ओढून घेते अशी. गावाची चावडी झाडायचं काम माझ्या मायचं होतं. पगार नाही, मजुरी नाही. काम होतं म्हणजे होतं. सूर्य निघायच्या आत चावडी, मग पाटलाचं अंगण. झाडायला शिंदीच्या पानांचा फडा असायचा तिचा. गावातली कुत्री तिच्या फड्याचा आवाज ओळखायची. भुंकत नव्हती.

छप्पन साली बाप नागपूरला जाऊन आला. दीक्षा घेऊन. येताना काही आणलं नाही. पण आल्या आल्या त्यानं मायच्या हातातला फडा घेतला आणि आढ्याला खोचला. म्हणाला, "दुसऱ्याच्या दारचा फडा आजपासून बंद."

एवढंच. भाषण नाही केलं. बापाला भाषण येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चावडी तशीच. तिसऱ्या दिवशी तशीच. मग मी गुरं पाजायला नदीवर चाललो होतो, तर पाटलाचा पोरगा चावडीवर बसलेला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्यानं मला हाक मारली. नावानं नाही. त्याच्या हातात फडा होता, कोणाच्या घरचा कोणास ठाऊक. तो माझ्या पायाशी फेकला. म्हणाला, "तुया बापानं धरम बदलला. तुया हातानं तर नाई ना बदलला? झाड."

मी लहान. मी झाडली. पाच-सहा माणसं ओसरीला बसून पाहत होती. झाडून झालं तर त्यानं वरून गुळाचा खडा टाकला. हातात नाही दिला. टाकला. तो मी झाडलेल्या जागी पडला. मी उचलला आणि खाल्ला. गोड होता. काय खोटं बोलू.

बापाला कळलं. त्यानं मला मारलं नाही. त्यानं आढ्यातला फडा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता आपलं अंगण झाड. रोज. गावात कोनाचं नसन एवढं साफ. तुया आंगनात येऊन कोनी बोट दाखवू नये."

त्या दिवसापासून मी अंगण झाडतो. गावात झाडलं. अकोल्याला झोपडी घातली तेव्हा दारापुढं चार हात जागा होती, ती झाडली. बायको मेली त्या सकाळीही झाडलं. लोकांना वाटलं, याला दुःख नाही. आता विहाराचं अंगण झाडायला पोरंपोरी आहेत. मी पारावर बसून पाहतो. कोपरा राहिला की काठीनं दाखवतो. पोरं म्हणतात, "आबाजी, तुमची नजर गेली म्हने, मंग हे पान कसं दिसलं?"

तर हे असं अंगण आहे. नुसती जागा नाही.

बस आली. थंड हवेची. त्यातून पोरं उतरली. निळे शर्ट. हातात रबरी मोजे, तोंडाला पट्ट्या. नवे कोरे झाडू, दांड्यांवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. पोरं वाईट नव्हती, हे मी सांगतो. त्यांच्यातले दोघं माझ्या पाया पडायला आले. मी नको म्हटलं. त्यांना आम्ही दिसत होतो, पण कसे दिसत होतो ते त्यांच्या हातात नव्हतं. ते सरांच्या हातात होतं.

आमची पोरं एका बाजूला उभी. मित्रा सरांजवळ गेली. "सर, माया शर्ट?"

सर म्हणाले, "अगं, शर्ट कमी पडले. आणि तू तर इथलीच ना. तू या बाजूला उभी राहा, लाभार्थींमध्ये. फोटोत बरं दिसतं."

ती या बाजूला आली.

फोटोवाल्यानं एक-दोन फोटो काढले. मग तो सरांच्या कानाशी बोलला. सर ढिगाकडं पाहून म्हणाले, "हो रे, एकाच जागी ढीग दिसतोय. नॅचरल वाटत नाही. मित्रा, जरा पसरव ना बेटा सगळीकडे."

बेटा म्हणाले. गोड बोलले. पाटलाच्या पोराचा गूळही गोडच होता.

आणि मित्रा वाकली. मी पारावरून पाहत होतो. तिनं एक बुके उचलला. टाकायला हात लांब केला, पण टाकला नाही. तशीच वाकून राहिली. फोटोवाल्यानं तेवढ्यात एक फोटो काढून घेतला. त्या क्षणाला निळ्या शर्टातली एक पोरगी, मित्राच्याच वयाची, नाकावर हात धरून शेजारणीला म्हणाली, "किती घाण करून ठेवतात ना हे लोक. देवाच्या दारात पण."

हळूच म्हणाली. पण मी ऐकलं. मित्रानं ऐकलं. सरांनीही ऐकलं. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. ते आता बोलतील, आता सांगतील की बाई, हे यांचं नाही. ते मोबाईलकडं पाहू लागले.

मी उठलो. गुडघे धरून उठलो. म्हातारा माणूस रागातही हळूच उठतो.

"मित्रा, ठेव ते खाली."

तिनं ठेवला.

"सर," मी म्हटलं, "या पोरीले सांगा, हा कचरा कोनाचा हाय."

"काका, आत्ता नको. आपण नंतर बोलू."

"नंतर कावून? ते पोरगी तर आत्ता बोलली."

सरांचं हसू तसंच होतं, फक्त पातळ झालं. "हे प्रतीकात्मक आहे काका. मुलांना अनुभव मिळावा म्हणून."

"आमाले हाय अनुभव. तुमच्या पोरायले पायजे तर तुमच्या दारात द्या."

टेम्पोचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मी पारावरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि ढिगापुढं मांडून बसलो. पाठ ढिगाकडं, तोंड कॅमेऱ्याकडं. म्हटलं, "काढा फोटू. मी बी येतो. खाली लिवा, कचरा अमरावतीहून आला, कालच्या उद्घाटनाचा. बुके पाहून घ्या, वळखू येतील."

ती नाक धरलेली पोरगी बुक्यांकडं पाहत होती. तिला ओळखू आले असावेत. तिनं सरांना विचारलं, "सर, खरंच?" सर म्हणाले, "बसमध्ये बसा सगळे. आपला पुढचा कार्यक्रम आहे."

पोरं बसमध्ये चढली. ती पोरगीसुद्धा. तिनं मागं वळून पाहिलं. पाहिलं तेवढंच.

मग सर आमच्या पोरांकडं वळले. आणि जे बोलले ते त्यांच्या तोंडातून आपोआप निघालं, जसं कोणी सवयीनं दिवा लावतो तसं. "चला रे, तुम्ही लोक पटकन भरा हे पोत्यात. मी मुलांचं पाहतो."

बसमधली ती 'मुलं'. आमची ती 'तुम्ही लोक'. वय एकच.

आमच्यातलं एक पोट्टं वाकायला निघालंच होतं. अंगण आपलं, घाण पडली तर उचलायची, हीच सवय आम्ही लावलेली. मी म्हटलं, "हात लावायचा नाई. ज्यानं ओतलं त्यानं उचलावं."

कोणी हात लावला नाही. सरांनी टेम्पोतलं पोतं ढिगापाशी टाकलं. मग गेले. रिकामं पोतं आणि कचरा आमच्याकडं ठेवून गेले.

तुम्हाला वाटेल, म्हातारा जिंकला. तसं काही नाही. सगळे गेल्यावर मी पाहिलं, अंगण घाण आहे आणि मला झाडता येत नाही. झाडलं तर त्यांचं उचललं. नाही झाडलं तर बापाचं मोडलं. असा अडकलो.

मित्रा माझ्याशी बोलेना. ताट वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. एकदा बोलली तेव्हा एवढंच, "आबाजी, तुमचं काय गेलं? तुमचं झालं जगून. माया चिखलदरा गेला ना."

मी काठी घेतली आणि ढिगाशी जाऊन बसलो.

वस्तीतले म्हणू लागले, झाडून टाका आता, पौर्णिमा आली. वारा सुटला की कप उडत उडत लोकांच्या दारात जायचे. मी काठीनं परत ढकलत ढिगाशी आणायचो. पोट्टे हसायचे. शेजारचा एकजण म्हणाला, "लोक सोनं राखतात. आबाजी कचरा राखून राहिले." मुलगा कामावरून आला की ढिगाला वळसा घालून घरात जायचा. तो वळसा हेही एक म्हणणंच.

घंटागाडी यायची. गाडीवरची बाई ओळखीची. आमच्याच नात्यातली म्हणा. ती म्हणाली, "मामा, द्या ना टाकून गाडीत. आमचं कामच हाय ते."

"म्हनूनच नाई," मी म्हटलं.

तिनं गाडीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तुमी लय जुने झाले मामा." आणि गाडी पुढं गेली. तिचंही खरं. तिला पगार आहे, तिचं ते काम आहे, त्यात लाज नाही. पण ओतणार ते, फोटो त्यांचा, आणि उचलायला फिरून फिरून आपलीच बाई. हे मला गिळवेना.

मग फोटो आला. मित्राच्या मोबाईलवर. कोणीतरी मैत्रिणीनं पाठवला. तिनं मला मोबाईल दिला. मी चष्मा लावला. आमचं विहार. पायरी. रांगोळीवर चाकाची खूण. निळ्या शर्टातली पोरं झाडू धरून ढिगापुढं. मी खुर्ची मांडायच्या आधीचा फोटो. कडेला मित्रा, वाकलेली, हातात बुके. पाहणाऱ्याला वाटावं, आपलीच घाण उचलते आहे. खाली लिहिलेलं होतं: 'वर्षानुवर्षं कचऱ्यात राहणाऱ्या वस्तीला मुलांनी दिला स्वच्छतेचा धडा.'

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मित्रा उभी होती. मी मोबाईल परत दिला. तिनं तो ओट्यावर ठेवला, कोपऱ्यातलं ते रिकामं पोतं घेतलं आणि अंगणात गेली. मी मागं गेलो.

"पोतं धरा आबाजी," ती म्हणाली.

"हात लावू नको म्हनलं ना तुले."

"झाडून नाई राहिली मी. परत करून राहिली."

मी तिथंच उभा राहिलो. बापानं दुसऱ्याच्या दारचा फडा बंद म्हटलं होतं. दुसऱ्याची वस्तू त्याला नेऊन देऊ नये असं कुठं म्हटलं होतं? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पोरीच्या आली. मी पोतं धरलं. सुकून सगळं हलकं झालं होतं. बाटल्या चेपून, थर्माकोल चुरून, पायानं दाबून दाबून एका पोत्यात मावलं. तिनं सुतळीनं तोंड बांधलं. मग आम्ही अंगण झाडलं. किती दिवसांनी. पाणी मारलं तेव्हा मातीचा वास आला आणि मी जरा पारावर टेकलो.

रविवारी आम्ही एसटीनं अमरावतीला निघालो. माझं तिकीट लागत नाही, पंचाहत्तरीच्या वर फुकट आहे. मित्राचं अर्धं. पोतं मी पायाशी घेतलं. मूर्तिजापूरच्या अलीकडं कंडक्टर आला.

"बाबा, पोत्यात काय हाय? लगेज लागन."

"कचरा हाय."

"कचरा? अकोल्याचा कचरा अमरावतीले? तिथं कमी हाय काय?"

"अमरावतीचाच हाय. परत देऊन राहिलो."

त्यानं पोतं पायानं दाबून पाहिलं. "मंग हे रिटर्न हाय," तो म्हणाला, "रिटर्नचं लगेज मी घेत नाई." गाडीतली माणसं हसली. मित्राही हसली. बऱ्याच दिवसांनी. एका बाईनं पाय काढून पोत्याला जागा दिली.

संस्थेचं ऑफिस मोठ्या कॉलनीत. झाडं, शांतता, कुंपणावर फुलं. फाटकावर वॉचमन. माझ्या सदऱ्याच्या खिशाला निळा बिल्ला होता, तो पाहून त्यानं "जय भीम बाबा" केलं. अंजनगाव सुर्जीकडचा माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, हे पोतं इथं फाटकात ओतून चाललो जातो.

तो हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमचं खरं हाय. पन इथं ओतू नका जी. रविवारची झाडनारी बाई येत नाई, मीच झाडतो. तुमी ओतान, साहेब मले म्हनन. उचलनार कोन? मीच."

मी आणि मित्रानं एकमेकांकडं पाहिलं. ही गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. जिथं ओताल तिथं खाली आपलाच माणूस उभा. अमरावतीत ओता, अकोल्यात ओता. मी फाटकाबाहेर पोत्याशेजारी खाली बसलो. मित्राही बसली. वॉचमननं पाणी आणून दिलं. म्हणाला, "बसा. बसायले मी नाई म्हनत नाई."

दुपारी सरांची गाडी आली. काच खाली झाली. आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग उतरले. तेच हसू.

"अरे काका, एवढ्या लांब? फोन करायचा ना." मग पोतं पाहिलं. हसू जागेवर राहिलं, डोळे हलले. "मित्रा, त्या दिवशी जरा गैरसमज झाला. तुझी जागा आहे बरं का अजून. चिखलदऱ्याला ये तू. मी बोलतो वरती. निळा शर्टही देतो." आणि वॉचमनकडं न पाहता, नुसता हात करून म्हणाले, "ए भाऊ, हे पोतं घे, मागं टाकून दे."

वॉचमन पुढं झाला. त्याची नोकरी आहे. मित्रा उठली आणि पोत्यापुढं उभी राहिली. त्याला म्हणाली, "काका, तुमी नका उचलू." मग सरांना म्हणाली, "सर, तुमी उचला. तुमचं हाय."

मी तिच्याकडं पाहत होतो. चिखलदरा तिच्या समोर उभा होता. एक पाऊल बाजूला झाली असती तर मिळत होता. ठरवणं माझं काम नव्हतं. मनात मात्र म्हटलं, गेली तर जाऊ दे. पोरगी आहे. थंडी पाहायची आहे तिला.

सर म्हणाले, "हे काय वागणं आहे मित्रा? लीडर असा वागतो का?"

"व्हय," मित्रा म्हणाली.

एवढंच म्हणाली.

सर आत गेले. फाटक लागलं. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. कोणी बाहेर आलं नाही. तिथं ठेवून येता येत नव्हतं. पोतं घेऊन परत आलो. बडनेऱ्याच्या पुढं मित्राला माझ्या खांद्यावर झोप लागली. माझा खांदा दुखत होता. हलवला नाही.

ते पोतं माझ्या ओट्यावर आहे. तोंड बांधलेलं. शिबिर होऊन गेलं, मित्रा गेली नाही. शेजारणीकडून आणलेलं स्वेटर तिनं धुऊन परत केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी विहार झाडून झालं की आम्ही पोतं घेऊन अमरावतीला जातो. फाटकाबाहेर बसतो. परत येतो. सरांनी एकदा माणूस पाठवला, तुम्हाला त्रास नको म्हणून पोतं आम्ही घेऊन जातो म्हणे. कोणाला पाठवलं? एका मजुराला. त्याला चहा पाजून परत पाठवला. एकदा म्हणाले, पोलिसांना सांगू. म्हटलं सांगा. पंचनाम्यात लिहावं लागेल कोणाचं आहे ते.

वस्तीतले म्हणतात, म्हातारा चळला. असेल. मला हौस नाही. गुडघे चालत नाहीत, एसटीची पायरी चढताना कंडक्टर काखेत हात घालतो. थकलो मी. पण मी झाडायला थकलो नाही, हे नीट समजून घ्या. झाडूत काही वाईट नाही. हुकमावर झाडायला मी नाही म्हणतो, आणि दुसऱ्याची घाण माझ्या नावावर लिहायला नाही म्हणतो.

मी गेल्यावर काय, ते मी मित्राला विचारलं नाही. मागच्या रविवारी मी पाहिलं, तिनं जुनी सुतळी काढून नायलॉनची दोरी बांधली. गाठ ओढून पाहिली. पक्की आहे.

सरांना एवढंच सांगतो. वाट पाहून आम्ही कंटाळू, असं समजू नका. आमच्यातला कोणी ते पोतं उचलून टाकणार नाही, वॉचमन नाही, घंटागाडीवाली नाही, मजूर नाही. ज्यानं ओतलं तो स्वतःच्या कंबरेत वाकेल, त्याच दिवशी ते रिकामं होईल. तोवर पोतं भरलेलं राहील, आणि आमचं अंगण झाडलेलं.